वेगवेगळ्या प्रदेशांची व्हिस्की चाखताना: गोव्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मडगाव-फोंड्याकडची आम्ही काही मंडळी अधूनमधून एकत्र बसून निरनिराळ्या ठिकाणच्या व्हिस्की शेजारी शेजारी ठेवून चाखतो. नवी माणसं येत राहतात आणि प्रश्न साधारण तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एकच धोरण आहे: तुलना करायची तर दोन ग्लासांत शक्यतो एकाच गोष्टीचा फरक ठेवा. पाच गोष्टी वेगळ्या असलेल्या दोन व्हिस्की शेजारी ठेवल्या तर कुठली आवडली एवढंच कळतं, का आवडली ते कळत नाही.

प्रदेशावरून व्हिस्कीची चव सांगता येते का?

थोडीफार. लेबलवरून वाटते तेवढी नाही.

व्हिस्कीची चव कशाकशावर ठरते ते पाहा. धान्य कोणतं, मोड आलेलं धान्य वाळवताना पीटचा (दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींच्या वाळवलेल्या मातीचा) धूर दिला की नाही, आंबवण किती वेळ ठेवलं, तांब्याच्या हंड्यात गाळली की उंच स्तंभाच्या भट्टीत, पिपात आधी काय भरलेलं होतं, ते पीप कोणत्या हवेत किती वर्षं पडून होतं, आणि बाटलीत भरताना पाणी किती घातलं. यातलं हवामान सोडलं तर बाकी जवळजवळ सगळं माणूस ठरवतो. स्कॉटलंडच्या आयला बेटाचं नाव निघालं की लोकांना धूर आठवतो, आणि आर्डबेग, लफ्रॉइग, लागाव्हुलिन यांच्या बाबतीत ते खरंही आहे. पण त्याच बेटावरच्या बुनाहावनची बहुतेक व्हिस्की पीटशिवाय बनते. ब्रुकलॅडीच्या आवारात तर नेहमीची ब्रुकलॅडी पीटशिवाय आणि ऑक्टोमोर प्रचंड धुराची, अशा दोन्ही तयार होतात. उलट हायलँडमधल्या आर्डमोरला धूर असतो.

म्हणून प्रदेशाचं नाव सुरुवातीचा अंदाज म्हणून धरावं. निकाल ग्लासात लागतो.

स्कॉटलंडचे प्रदेश नेमके कोणते?

स्कॉच व्हिस्कीच्या २००९ च्या नियमांनी पाच नावांना संरक्षण दिलं आहे: हायलँड, लोलँड, स्पेसाइड, कॅम्पबेलटाउन आणि आयला. स्काय बेटावरची टॅलिस्कर किंवा ऑर्कनीतली हायलँड पार्क यांना लोक बेटांची व्हिस्की म्हणतात, पण कायद्याने त्या हायलँडमध्येच मोडतात.

देशातल्या सर्वांत जास्त भट्ट्या स्पेसाइडमध्ये आहेत. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट, मॅकॅलन, बाल्व्हेनी ही आपल्या दुकानांत दिसणारी नावं तिथलीच. सफरचंद, नाशपाती, मध, आणि शेरीचं (स्पेनच्या कडक वाइनचं) पीप असेल तर मनुका आणि खारीक, अशी तिथली ओळख. लोलँड हलकी. तिथल्या ऑखेंटोशनमध्ये व्हिस्की तीनदा गाळतात, त्यामुळे ती आणखी मऊ लागते. कॅम्पबेलटाउनला एके काळी वीसहून जास्त भट्ट्या होत्या. आज स्प्रिंगबँक आणि ग्लेन स्कोशिया ही नावं घेतली जातात. तेलकट, किंचित खारी, किंचित धुरकट अशी ही व्हिस्की मिळाली तर सोडू नका. हायलँड एवढा मोठा आहे की त्याची एकच चव सांगणं व्यर्थ आहे.

नियम मात्र सगळीकडे तेच: ओकच्या पिपात किमान ३ वर्षं, पीप ७०० लिटरपेक्षा मोठं नाही, बाटलीत किमान ४० टक्के अल्कोहोल, आणि पाणी व साध्या कॅरॅमल रंगाशिवाय वरून काहीही घालायचं नाही.

आयर्लंड, अमेरिका, जपान यांचं काय?

आयर्लंडची खासियत म्हणजे पॉट स्टिल व्हिस्की. मोड आणलेल्या बार्लीबरोबर मोड न आणलेली बार्लीही घेतात, आणि बहुधा तीनदा गाळतात. कच्च्या बार्लीमुळे घोट जिभेवर साईसारखा जाड लागतो आणि मागून मसाल्याची चुणूक येते. रेडब्रेस्ट मिळाली तर ती चाखा. नुसत्या जेमसनवरून या प्रकाराचा अंदाज येत नाही, कारण तिच्यात हलकी ग्रेन व्हिस्कीही मिसळलेली असते.

अमेरिकेच्या बर्बनला किमान ५१ टक्के मका लागतो, आणि आतून जाळलेलं कोरं ओकचं पीप लागतं. बर्बन केंटकीतच बनते असा समज आहे, पण कायद्याने ती अमेरिकेत कुठेही बनवता येते. व्हॅनिला, पाकवलेली साखर, ओलं खोबरं, हे सगळं त्या कोऱ्या लाकडातून उतरतं. टेनेसीची जॅक डॅनियल्स पिपात जाण्याआधी मेपलच्या कोळशातून झिरपवतात.

त्या कोऱ्या पिपाची गोष्ट लक्षात ठेवा. एकदा वापरलेल्या पिपात पुन्हा बर्बन मुरवता येत नाही, म्हणून ती पिपं विकली जातात. कुठे? स्कॉटलंडला, आयर्लंडला, आणि आपल्या कुंकळ्ळीला. तुम्हाला गोव्यातल्या व्हिस्कीत व्हॅनिला लागतो तो मुळात अमेरिकी ओकचा आहे.

जपानची परंपरा थेट स्कॉटलंडहून आली. मासाताका ताकेत्सुरू १९१८ मध्ये तिकडे शिकायला गेले आणि परतल्यावर शिंजिरो तोरींच्या यामाझाकी भट्टीत राबले. त्या भट्टीचं काम १९२३ मध्ये सुरू झालं. जपानी बाटली घेताना एक खबरदारी घ्या. बाहेरची व्हिस्की आणून जपानी नावाने भरण्याची वाट बराच काळ मोकळी होती. तिथल्या उत्पादक संघटनेने २०२१ मध्ये स्वतःची मानकं लागू केली, तेव्हा हे आटोक्यात यायला लागलं. जुन्या बाटलीवरचा बारीक मजकूर वाचूनच पैसे मोजा.

गोव्याची व्हिस्की या सगळ्यात कुठे बसते?

मानाच्या जागी, आणि हे मी गावाच्या अभिमानापोटी म्हणत नाही.

सासष्टीतल्या कुंकळ्ळीला जॉन डिस्टिलरीजची भट्टी आहे. तिथली पॉल जॉन ही सिंगल माल्ट (एकाच भट्टीत फक्त मोड आणलेल्या बार्लीपासून बनलेली व्हिस्की) २०१२ मध्ये आधी लंडनमध्ये बाजारात आली आणि मग आपल्याकडे. उत्तर भारतातली सहा ओळींची (कणसात दाण्यांच्या सहा रांगा असलेली) बार्ली, तांब्याच्या हंड्या, बहुतांशी बर्बनची पिपं, आणि धुराच्या व्हिस्कीसाठी स्कॉटलंडहून आणलेलं पीट. सहा ओळींच्या बार्लीत टरफल आणि प्रथिनं जास्त, स्टार्च कमी. त्यामुळे तेवढ्याच धान्यातून दारू कमी उतरते, पण ती अंगाने भरीव आणि जरा तेलकट असते.

खरा फरक करते ती हवा. व्हिस्की मुरते म्हणजे काय, तर उष्म्याने पिपातला द्रव फुगून लाकडाच्या आत शिरतो, गारव्याने आक्रसून बाहेर येतो, आणि येताना लाकडातला रंग, गोडवा, मसाला घेऊन येतो. त्याच वेळी लाकडाच्या छिद्रांतून थोडी हवा आत जाते आणि थोडी व्हिस्की उडून जाते. उन्हात ठेवलेली लोणच्याची बरणी लवकर मुरते, तसंच हे. स्कॉटलंडच्या थंड गोदामात दहा-बारा वर्षांत जे होतं त्यातलं बरंचसं कोकणपट्टीच्या उकाड्यात चार-पाच वर्षांत होतं. बरंचसं म्हटलं, सगळं नाही. लाकडातलं भराभर येतं, पण हवेशी हळूहळू होणाऱ्या क्रियेला वेळच लागतो. म्हणून आपल्या व्हिस्कीत मध, जर्दाळू, कोको, मसाला ठळक असतात. जुन्या स्कॉचमधला तो मेणचट, शांत पोत आपल्याकडे क्वचित सापडतो. दोन्हींची मजा वेगळी आहे, एकाने दुसऱ्याची नक्कल करायची गरज नाही.

भारतीय सिंगल माल्टची वाट मात्र बंगळूरच्या अमृतने पाडली. राधाकृष्ण जगदाळे यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेली ही कंपनी. तिची सिंगल माल्ट २००४ मध्ये थेट ग्लासगोत विकायला ठेवली गेली. स्कॉच पिणाऱ्यांच्या घरात जाऊन भारतीय व्हिस्की मांडण्याची ती हिंमत होती, आणि ती फळली. २०१६ मध्ये उत्तर प्रदेशातून रामपूर आली, २०२१ मध्ये हरियाणातून इंद्री. आज भारतीय सिंगल माल्टचीच प्रदेशवार तुलना करता येते: बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर, कुंकळ्ळी समुद्राजवळ आणि दमट, हरियाणात जीवघेणा उन्हाळा आणि कडाक्याची थंडी.

भारतीय सिंगल माल्टवर १२ वर्षं, १५ वर्षं असं का लिहिलेलं नसतं?

हिशेब करून पाहू. स्कॉटलंडमध्ये पिपातली साधारण २ टक्के व्हिस्की दर वर्षी उडून जाते. गोव्यात हा आकडा ८ टक्क्यांच्या आसपास सांगतात, बंगळुरात त्याहून जास्त. बर्बनचं पीप साधारण २०० लिटरचं. २ टक्क्यांच्या घटीने दहा वर्षांनी त्यात १६३ लिटर उरतात. ८ टक्क्यांच्या घटीने पाच वर्षांनी १३२ आणि दहा वर्षांनी अवघे ८७. निम्म्याहून जास्त माल हवेत गेला, आणि जो उरला त्याला लाकडाचा कडवटपणा चढण्याची भीती. म्हणून इथला जाणकार माणूस व्हिस्की तयार झाली की भरतो, कॅलेंडर बघत बसत नाही. अमृतने ग्रीडी एंजल्स या नावाने ८, १० आणि १२ वर्षांच्या मोजक्या बाटल्या काढल्या, पण तो अपवाद.

लेबलवरचं वर्ष म्हणजे बाटलीतल्या सर्वांत तरुण व्हिस्कीचं वय. वेगवेगळ्या हवामानांतल्या व्हिस्कींची वयावरून तुलना करू नका, त्यातून काहीच निघत नाही.

नेहमीची भारतीय व्हिस्की हीसुद्धा व्हिस्कीच ना?

आपल्याकडे विकताना तिला व्हिस्कीच म्हणतात. पण स्वस्त ब्रँडमध्ये बहुतेक भाग उसाच्या मळीपासून काढलेल्या शुद्ध अल्कोहोलचा असतो आणि त्यात थोडी माल्ट मिसळलेली असते. युरोपात व्हिस्की म्हणवून घ्यायला धान्यापासूनच बनावी लागते आणि ३ वर्षं लाकडात मुरावी लागते, म्हणून तिथे ती या नावाने विकता येत नाही. कोणी काय प्यावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण प्रदेशांच्या तुलनेला ती उपयोगाची नाही, कारण मळीच्या अल्कोहोलला सांगण्यासारखी स्वतःची चव जवळजवळ नसते.

पहिल्या बैठकीला कोणत्या बाटल्या घ्याव्यात?

लोक सहा देशांच्या सहा बाटल्या मांडतात आणि तिसऱ्या ग्लासानंतर सगळं एकच लागायला लागतं. त्यापेक्षा जोड्या लावा.

माझी सर्वांत आवडती जोडी: पॉल जॉन बोल्ड आणि आर्डबेग टेन. दोन्ही ४६ टक्क्यांच्या, दोन्हींची पिपं मुख्यत्वे बर्बनची, आणि बोल्डसाठी पीटही आयलाहूनच येतं. म्हणजे ताकद तीच, पीप तेच, पीटही त्याच बेटाचं. उरला फरक बार्लीचा, हवेचा आणि भट्टीवाल्याच्या हाताचा. आर्डबेगचा धूर लिंबाच्या सालीसारखा आंबट, कोरडा, समुद्राकडचा. बोल्डचा धूर गुळमट, त्याखाली मध आणि भाजलेलं धान्य. ही एक जोडी नीट चाखली तर हवामानाबद्दल वर जे लिहिलं ते जिभेला पटेल.

दुसरी जोडी पिपाची: ग्लेनलिव्हेट १२ आणि मॅकॅलन शेरी ओक १२. दोन्ही स्पेसाइडच्या, वय तेच, पण एक फुलाफळांची आणि दुसरी मनुका-लवंगांची. एकाच प्रदेशातल्या दोघींत एवढा फरक दिसला की प्रदेशाच्या नावावरचा आंधळा विश्वास जातो. मॅकॅलन महाग आहे, म्हणून ती चार-पाच जणांनी वर्गणी काढून घ्यावी.

तिसरी जोडी कमी खर्चाची: पॉल जॉन ब्रिलियन्स आणि ग्लेनमॉरेंजी ओरिजिनल. दोन्हींत धूर नाही, दोन्ही बर्बनच्या पिपातल्या. ब्रिलियन्स ४६ टक्क्यांची आहे, ग्लेनमॉरेंजी ४० ची, तेव्हा आधी ताकद सारखी करून घ्या. कशी, ते पुढे लिहिलं आहे.

एका ग्लासात किती ओतायची?

१५ मिली, म्हणजे अर्धा स्मॉल. चार ग्लास झाले तरी एकूण ६० मिली, एक लार्ज पेग. याहून जास्त ओतली तर चौथ्या ग्लासाबद्दलचं मत विश्वासाचं राहत नाही.

ग्लास कोणता हवा?

खाली फुगीर, वर निमुळता. २००१ पासून मिळणारा ग्लेनकेर्न ग्लास याच कामासाठी घडवलेला आहे. तो नसेल तर आपल्याकडे बहुतेक घरांत पोर्ट वाइनचे छोटे ग्लास असतातच, ते उत्तम चालतात. रुंद तोंडाच्या टंबलरात वास टिकत नाही. महत्त्वाचं हे की सगळे ग्लास सारखे हवेत, आणि कपाटातून काढल्यावर साध्या पाण्याने विसळून, वाळवून घ्यायला हवेत. पावसाळ्यात बंद कपाटातल्या ग्लासांना कुबट वास धरतो आणि तो थेट व्हिस्कीत उतरतो.

पाणी घालायचं की नाही?

आधी नीट चाखा, मग थेंब-थेंब घाला. पाणी घातलं म्हणजे व्हिस्की बिघडवली असं नाही. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं की पातळ केल्यावर ग्वायकॉल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. नाकाला धूर जास्त जाणवतो त्याला हे एक कारण असू शकतं.

तुलनेत पाण्याचा आणखी मोठा उपयोग ताकद सारखी करायला होतो. ५० टक्क्यांची आणि ४० टक्क्यांची व्हिस्की शेजारी ठेवली तर दरवेळी ५० वालीच भरदार वाटणार. १५ मिली व्हिस्की ४६ वरून ४० टक्क्यांवर आणायला सव्वादोन मिली पाणी लागतं, ५० वरून आणायला पावणेचार मिली. औषधाच्या दुकानात मिळणारी सुई नसलेली सिरिंज या कामाला अचूक आहे.

पाणी मात्र वासाचं नको. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, विहिरीच्या पाण्याला कधी लोखंडाची चव असते. उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं वापरा.

आणि बर्फ? सोडा?

प्यायला खुशाल. तुलनेला नको. गारव्याने वास दबतो आणि सोड्याचे बुडबुडे जीभ चुरचुरवतात.

मे महिन्यात घरात बत्तीस अंश असतात. मग काय करायचं?

हा प्रश्न स्कॉटलंडच्या पुस्तकात सापडणार नाही, पण आपल्याकडे कळीचा आहे. उकाड्यात अल्कोहोल भसकन वर येतं आणि नाकात झोंबतं. बाटल्या चाखण्याआधी अर्धा तास फ्रिजच्या दारात ठेवा, म्हणजे तापमान पंचविशीच्या आसपास येतं. सगळ्या बाटल्या एकाच वेळी ठेवा आणि एकाच वेळी काढा. पंख्याखाली बसू नका, वास उडून जातो. मी शक्यतो पाऊस सुरू झाल्यावर किंवा डिसेंबर-जानेवारीतच बैठक ठेवतो.

मला नुसता दारूचाच वास येतो. इतरांना मध, सफरचंद कसं कळतं?

सवयीने. आणि शब्द हाताशी असल्याने. बाटलीवर लिहिलेले हेदर, गूसबेरी, टॉफी हे वास तुम्ही लहानपणी घेतलेच नसतील तर ते सापडणार कुठून? आपले शब्द वापरा. आयलाच्या व्हिस्कीत मला होडीला लावलेलं डांबर, जखमेवर लावायचं आयोडिन, भरतीच्या वेळी खडकांवर साचलेलं शेवाळ सापडतं. बर्बनमध्ये ओल्या खोबऱ्याचा कीस. तो वास ओकमधल्या लॅक्टोनचा असतो, म्हणजे नारळाच्या देशातल्या माणसाचं नाक इथे चुकणार नाही. शेरीच्या पिपात खारीक, मनुका, दोदोलच्या कढईतला काळा गूळ. तरुण व्हिस्कीत कधी पिकलेल्या केळ्याचा वास येतो, तो आंबवणातून आलेल्या एस्टरचा.

पद्धत साधी आहे. ग्लास हनुवटीजवळ धरा, तोंड किंचित उघडं ठेवा आणि नाक हळूहळू खाली आणा. नाक ग्लासात खुपसून जोरात हुंगलं की पुढची काही मिनिटं काहीच कळत नाही. दोन वास घेतले की स्वतःच्या मनगटाचा वास घ्या, नाक ताळ्यावर येतं. मग छोटा घोट जिभेवर फिरवा, गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. खरी ओळख त्या श्वासात पटते. चव किती वेळ टिकते, कोणत्या वासावर संपते, ते पाहायला विसरू नका.

ग्लासांचा क्रम कसा लावायचा?

हलकी आधी, धुराची शेवटी. कमी ताकदीची आधी, जास्तीची नंतर. पीटची व्हिस्की एकदा जिभेवर बसली की तिच्यामागून आलेली लोलँड पाण्यासारखी लागते.

फेणी पिणाऱ्याला व्हिस्की कळते का?

इतरांपेक्षा लवकर कळते असा माझा अनुभव आहे. ज्याने भट्टीवर जाऊन हुर्राक आणि फेणी शेजारी शेजारी चाखली आहे, त्याला एकदा गाळलेली आणि पुन्हा गाळलेली दारू यांतला फरक तोंडपाठ असतो. काजूच्या बोंडांचा रस नैसर्गिकरीत्या आंबतो आणि हंड्यात गाळला जातो, म्हणून फळाचा सगळा उग्रपणा दारूत उतरतो. २००९ मध्ये काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी तर सांगतो, बैठकीच्या सुरुवातीला चांगल्या काजू फेणीचे पाच मिली ठेवा. फेणी सहसा लाकडात मुरवत नाहीत. ती चाखून मग व्हिस्कीकडे वळलं की पिपाने काय काय दिलं ते लख्ख कळतं.

गडद रंग म्हणजे जास्त मुरलेली का?

नाही. पीप कोणतं, ते कितव्यांदा वापरलं, हवामान कोणतं आणि कॅरॅमल घातलं का, या सगळ्यावर रंग ठरतो. स्कॉचमध्ये कॅरॅमल चालतं, बर्बनमध्ये चालत नाही. रंगाचा प्रभाव टाळायचा असेल तर ग्लासांना बाहेरून कागद गुंडाळा.

झाकून चाचणी कशी घ्यायची?

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, कारण इथे नाव, किंमत, देश सगळं गळून पडतं. एकाने आतल्या खोलीत तीन ग्लास भरायचे: दोनांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. ग्लासांच्या बुडाला खुणेचे कागद चिकटवायचे. ज्याने भरले त्याने बाहेर येऊ नये, चेहऱ्यावरून कळतं. चाखणाऱ्याने फक्त वेगळा ग्लास ओळखायचा. नुसत्या अंदाजानेही तीनात एकदा बरोबर येतं, म्हणून प्रत्येकाने ग्लासांची जागा बदलून दोन-तीनदा करावं. बोल्ड आणि आर्डबेग यांत बहुतेकांना फरक ओळखता येतो. कोणती कुठली ते सांगताना मात्र भलेभले अडखळतात, आणि तिथून खरी चर्चा सुरू होते.

चखणा काय ठेवावा?

चाखताना फक्त साधी पोई (गोव्याचा पाव) आणि पाणी. खारे काजू तोंडात तेलाचा थर चढवतात, मिरचीने जीभ बधिर होते. तुलना संपली की मग ताट मांडा. धुराच्या व्हिस्कीबरोबर भाजलेला चोरिस (गोव्याचं डुकराचं सॉसेज), शेरीवालीबरोबर बेबिंका (थरांचा गोड केक). शाकाहारी मंडळींसाठी भाजलेलं सुकं खोबरं आणि खजूर.

महाग ती चांगली का?

किंमतीत कर, वय, दुर्मीळपणा आणि जाहिरात हे सगळं येतं. आयात स्कॉचवर भारतात १५० टक्के सीमाशुल्क लागत आलं. जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात ते ७५ टक्क्यांवर आणि पुढे दहा वर्षांत ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं. म्हणजे स्कॉच आणि भारतीय माल्ट यांच्या भावातला फरक दर्जाचा नसून बराचसा कराचा होता.

उघडलेली बाटली किती टिकते?

भरलेली असेल तर बरेच महिने. निम्म्याखाली आली की हवेमुळे चव उतरत जाते, आणि आपल्या उकाड्यात ते लवकर होतं. उरलेली छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवा. बाटली नेहमी उभी आणि अंधारात ठेवा. आडवी ठेवली तर कडक व्हिस्की बुचाचं लाकूड खाते.

गोव्यातून महाराष्ट्रात बाटल्या नेता येतात का?

परवान्याशिवाय नाही. गोव्यातून बाहेर नेण्यासाठी अबकारी परवाना आणि बाटल्यांची मर्यादा आहे, आणि महाराष्ट्राचे स्वतःचे नियम वेगळे आहेत. बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते. खरेदी करतानाच परवान्याबद्दल विचारा आणि बिल जवळ ठेवा.

किती प्यायली तर चालते? नंतर गाडी चालवता येईल का?

गाडी चालवू नका. कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे, आणि आपले रात्रीचे अरुंद रस्ते कोणी स्कूटरने परतावं असे नाहीत. ज्याला गाडी न्यायची आहे त्याने फक्त वास घ्यावा, आमच्याकडे त्याचा मान कमी होत नाही. चाखून थुंकण्यासाठी प्रत्येकासमोर रिकामा पेला ठेवा. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा कमी प्या, आणि जी प्याल ती लक्ष देऊन प्या. गोव्यात २१ वर्षांखालच्यांना दारू विकता येत नाही, आणि आम्ही त्यांना बैठकीला बोलावत नाही.

नोंदी कशा ठेवाव्यात?

गुण देऊ नका, वर्णन लिहा. ‘८७ गुण’ वाचून वर्षभराने काही आठवत नाही. आमच्या वहीतली एक नोंद अशी आहे: ‘पॉल जॉन एडिटेड, ४६ टक्के, पाण्याविना. वासात आधी मध, मग भाजलेलं धान्य, मागून विझत आलेल्या चुलीचा फिका धूर. तोंडात तेलकट, जायफळ. पाणी घातल्यावर धूर पुढे आला, मध मागे गेला. शेवट कोकोवर, कडवट पण छान.’ एवढं पुरे. वर तारीख, बाटली कधी उघडली आणि शेजारी कोणती व्हिस्की होती हे जरूर लिहा. तीच एडिटेड लोलँडशेजारी ठेवली तर धुरकट वाटते आणि लफ्रॉइगशेजारी ठेवली तर चक्क गोड.